विश्रांतीला बसवलेली पहिली वाट

आईचं बोलणं वाक्याच्या मध्येच थांबलं.

खंडेनवमीची सकाळ होती. मी दसऱ्यासाठी सांगलीहून साताऱ्याला तिच्याकडे आले होते. मागच्या दारी बसून ती विळी, खुरपं, कोयता घासून पुसून पाटावर मांडत होती आणि शेजाऱ्यांनी फाटकासमोर लावलेल्या गाडीचा उद्धार चालला होता. “त्यास्नी म्हटलं, गाडी जरा” इथपर्यंत आली आणि गप्प झाली. शब्द शोधत असेल असं म्हणायची सोय नव्हती, कारण आईला शब्द कधी शोधावे लागत नाहीत. मी वळून पाहिलं. उजव्या हातातलं खुरपं खाली पडलं होतं, तोंड एका बाजूला ओघळलं होतं, आणि ती डाव्या हाताने आपलाच उजवा हात उचलून बघत होती.

वडील फौजेत होते तेव्हा वडूजची शेती आईने एकटीने केली, तीही बोलण्याच्या जोरावर. बोलून बोलून विहिरीच्या पाण्याची पाळी मिळवायची, बोलून ट्रॅक्टरवाल्याला वेळेवर आणायचा, बोलूनच बांध कोरणाऱ्या भावकीला जागेवर बसवायचं. वडील गेल्यावर ती साताऱ्यात राहायला आली आणि आठवड्याभरात अख्ख्या गल्लीची झाली. दोन्ही हात बांधून ठेवले तरी तिचं निभेल, तोंड बांधलं तर ती जगायची नाही, असं आम्ही घरात चेष्टेने म्हणायचो. ती चेष्टा मला रिक्षात बसल्यापासून नको नको म्हटलं तरी आठवत होती.

हॉस्पिटलात लगेच डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, पण डोकं थंड. त्यांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली असावी, म्हणून उजवी बाजू आणि वाचा गेली आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते पहिल्या साडेचार तासांतच द्यायचं असतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. अडचण एकच होती. स्कॅनमध्ये एक पांढरा ठिपका दिसत होता. तो आत्ताचा रक्तस्राव असेल तर हे इंजेक्शन म्हणजे विष. तो जुना, चुना साचल्यासारखा निरुपद्रवी डाग असेल तर इंजेक्शन न देणं म्हणजे तिची वाचा हाताने घालवणं. नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही, असं ते म्हणाले, आणि विचारलं की पूर्वी कधी हिच्या डोक्याचा स्कॅन झालाय का.

झाला होता. काही वर्षांपूर्वी ती माझ्याकडे सांगलीला आली असताना न्हाणीघरात घसरून पडली होती, तेव्हा मी जिथे नोकरी करते त्याच हॉस्पिटलात स्कॅन काढला होता. त्याची सीडीही दिली होती. ती सीडी आईने गच्चीवर कबुतरांना हाकलायला दोरीने टांगली. उन्हाने तिचा पापुद्रा सुटला होता. आदल्याच संध्याकाळी मी ती बघून हसले होते. आता हसू येत नव्हतं. पण जुना स्कॅन आमच्या हॉस्पिटलच्या साठ्यात असणारच होता, आणि तो साठा सांभाळणं हेच तर माझं काम.

“पाच मिनिटांत देते,” मी डॉक्टरांना म्हणाले. मानेत थोडा ताठाही होता, खोटं कशाला सांगू.

आईला स्ट्रेचरवर तिथेच भिंतीशी ठेवलं होतं. मी तिच्या समोरच्या बाकावर लॅपटॉप उघडला, मोबाईलचं नेट जोडलं आणि सांगलीच्या सर्व्हरवर शिरले. आईचं नाव सापडलं, स्कॅनची तारीख दिसली. त्यावर दाबलं, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. बऱ्याच वेळाने कवटीची एक पातळ चकती उमटली, अगदी वरची, जिच्यात काहीच नसतं. डॉक्टरांना हव्या होत्या मधल्या चकत्या.

मी नेटला शिव्या घातल्या, मग सर्व्हरला विचारलं की बाबा तुझं काय दुखतंय. त्याने सरळ उत्तर दिलं. पहिली वाट बंद.

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडचे सगळे जुने-नवे स्कॅन एका मोठ्या साठवणपेटीत असतात आणि सर्व्हर ते तिथून आणून पडद्यावर दाखवतो. सर्व्हरपासून पेटीपर्यंत जायला दोन वाटा ठेवल्या आहेत, दोन वेगळ्या स्विचमधून, म्हणजे तारा जिथे एकत्र जोडतात त्या डब्यांतून, आणि दोन वेगळ्या तारांनी. सांगलीहून साताऱ्याला कराडवरून हायवेने येता येतं आणि विटा-वडूजवरूनही येता येतं, तसलाच प्रकार. कोणत्या वाटेने आधी जायचं हे सर्व्हरला आकड्यांनी सांगावं लागतं. ज्या वाटेचा आकडा मोठा तिचा मान पहिला. नव्या स्विचमधून जाणाऱ्या वाटेला मी पन्नास दिले होते आणि जुन्या इमारतीवरून जाणाऱ्या वाटेला दहा. ती दुसरी वाट म्हणजे गच्चीवरून नेलेली काचेची फायबर तार, सोलर बसवणाऱ्यांनी कधीतरी पाय देऊन वाकवलेली. तिच्यातून माहिती जाते, पण अडखळत. चुकलेलं पुन्हा पाठवावं लागतं. तार बदला म्हणून मी घसा कोरडा केला होता. चालतंय ना, मग चालू दे, हे उत्तर ठरलेलं.

म्हणजे आईचा स्कॅन त्या वाकलेल्या तारेतून ठेचा खात येत होता.

मोबाईलवर सर्व्हरचा इशाऱ्याचा संदेश सकाळीच येऊन पडला होता. वर दसऱ्याच्या शुभेच्छांचा ढीग. झेंडूची फुलं आणि फिरते दिवे पाठवणाऱ्या झाडून सगळ्या नातेवाइकांचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

मी आमच्या इलेक्ट्रिकल सुपरवायझरांना फोन लावला. सुट्टीच्या दिवशी हॉस्पिटलात असणारच असे तेच एक. माणदेशातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सिग्नलच्या पलटणीत तारा ओढलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. सर्व्हरच्या खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

मी विचारलं की खोलीत लाइट गेली होती का. ते खुशीत होते. लाइट कशाला जाईल, म्हणाले, आज सगळ्या मशिनींची पूजा झाली. जनरेटर, लिफ्टची मोटर, कपडे धुण्याची मशिनं, सगळ्यांना हळदीकुंकू आणि फुलं.

“आन तुमच्या त्या नव्या स्विचला आज विश्रांती दिली बगा, ताई. संध्याकाळी परत चालू करतो.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात आणि पुजलेलं त्या दिवशी वापरत नाहीत, हा रिवाज काकांच्या हाडात मुरलेला आहे. हॉस्पिटल काही बंद ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतःपुरती तोड काढली होती. दोन लिफ्टमधली एक दुपारपर्यंत थांबवायची, दोन पंपांतला एक. दर वर्षी ते सर्व्हरच्या खोलीशी येऊन विचारायचे, हितलं काय थांबवता येतं का, आणि दर वर्षी मी हसून त्यांना दारातून परत पाठवायची. यंदा दारात मी नव्हते. आणि त्यांनी निवडही विचार करून केली होती. जुना स्विच वर्षभर बसूनच असतो, त्याला कसली विश्रांती द्यायची? राबतो तो नवा. पहिला मान त्याचा. शिवाय एक गेला तर दुसरा आपोआप काम उचलतो, हे मीच त्यांना चहा पिता पिता हात नाचवून सांगितलं होतं.

“तुमीच म्हनला हुता की, कुनाला कळतबी न्हाई म्हणून,” ते म्हणाले.

मी ओरडले. काय काय बोलले ते पूर्ण आठवत नाही, पण कॉरिडॉरमधली माणसं वळून बघत होती हे आठवतं. अक्कल गहाण टाकली का, असं काहीतरी बोलले. तुम्हाला हात लावायला सांगितलं कोणी, असंही. काका गडबडले. आता लगेच चालू करतो, म्हणाले, आणि पलीकडून त्यांच्या पावलांचा आवाज आला.

“हात लावू नका,” मी किंचाळलेच. “काका, आहात तिथं उभे राहा.”

कारण त्यात आणखी एक मेख होती. पहिली वाट परत आली की विचारपूस न करता ताबडतोब तिच्यावर परतायचं, असं मी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं. एरवी ते ठीक असतं. पण हा नवा स्विच चालू होताना एकदम चालू होत नाही. त्याचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. दर वेळी दिवा लागला की सर्व्हर तिकडे धावतो, विझला की मागे पळतो. एका चाचणीत मी हे बघितलं होतं. दोन-चार हेलपाट्यांत तो दोन्ही वाटांवरचा विश्वास गमावून बसतो आणि पार गोठून जातो. मग सगळं बंद करून पुन्हा उभं करायचं, आणि त्यात इंजेक्शनची वेळ निघून गेली असती. ठेचाळत का होईना, एकेक चकती येत तर होती, पण या चालीने मधल्या चकत्या वेळेत पोचल्या नसत्या. ती चालू वाट धोक्यात घालून पहिली उघडायची की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो माझ्याशिवाय कोणी सोडवणार नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं घड्याळाकडे पाहिलं. मी म्हटलं, येतोय. त्यांनी शांतपणे सांगितलं की आणखी थोडा वेळ थांबता येईल, मग त्यांना इंजेक्शनशिवायच पुढे जावं लागेल. ठिपक्याची शंका असताना ते सुई लावणार नाहीत. ते आत गेले. समोर आई टक लावून माझ्याकडे बघत होती. डोळे अगदी तिचेच होते, जागे. घशातून एक आवाज आला, पण तो कोणत्याही शब्दाचा नव्हता. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मला भीती वाटत होती की बघितलं तर बोटं चालायची नाहीत.

काकांनी फोनवरून चाचरत विचारलं, “ताई, सुट्टीच्या दिशी यवढं कुनाचं अडलंय?”

“माझ्या आईचं,” मी म्हटलं. आणि दोन वाक्यांत सांगितलं काय झालंय ते.

काकांचा आवाज आला, अगदी वेगळा, सपाट, पलटणीतला. “स्विचम्होरं हुबा हाय. ऑर्डर द्या.”

मला आधी तो परतण्याचा नियम बदलायचा होता. पहिली वाट आली तरी मी सांगेपर्यंत आहेस तिथेच थांब, एवढंच सर्व्हरच्या कानात घालायचं. ओळ लिहिली, आणि नेट गेलं. मोबाईलवर एक दांडी, मग तीही गायब. मी लॅपटॉप छातीशी धरून खिडकीकडे पळाले. तिथे अजिंक्यताऱ्याची बाजू दिसते आणि नेट थोडं बरं येतं, हे मला आत्ताच कळत होतं. पुन्हा जोडलं, काकांचा तुटलेला फोनही परत लावला. पुन्हा शिरले. ओळ अर्धवट गेली होती की पूर्ण, कळेना. नियम उघडून वाचला. जुनाच होता. पुन्हा लिहिला, एक एक अक्षर तपासून. चुकले असते तर सर्व्हरने मला विचारलं नसतं, त्याने मी लिहिलेलं मुकाट केलं असतं. या धंद्यात हीच भीती असते.

या वेळी गेला. पुन्हा उघडून वाचला. दोनदा वाचला.

“लावा, काका.”

खटका दाबल्याचा आवाज फोनमधून मला ऐकू आला. त्यानंतर काका बोलत राहिले, रेडिओवर बोलावं तसं. दिवा लागला. गेला. लागला. पिवळा हाय. गेला. मी पडद्यावर बघत होते. सर्व्हरला पहिली वाट दिसत होती, नाहीशी होत होती, पुन्हा दिसत होती, पण तो जागचा हलत नव्हता. जुन्या वाटेवरून एकेक चकती आणतच होता.

“हिरवा,” काका म्हणाले. “हाय अजून.”

“थांबा.”

“हाय. हलत न्हाई.”

“अजून थांबा.”

मनातून मी त्या क्षणीच उडी मारायला तयार होते. आई मागे स्ट्रेचरवर पडली असताना हिरव्या दिव्याकडे बघत हात बांधून बसणं याच्याइतकं कठीण मी आयुष्यात काही केलेलं नाही. पण घाईने परतून गोठलेला सर्व्हर मी पाहिला होता. काकांनी आणखी एकदा सांगितलं की दिवा स्थिर आहे. तेव्हा मी सर्व्हरला म्हटलं, जा आता.

गोल चक्र थांबलं आणि चकत्या धडाधड यायला लागल्या, एकावर एक, कपाळापासून मानेपर्यंत. माझ्या आईचं डोकं, मला काही न कळणारं, राखाडी. मी लॅपटॉप उचलून तसाच डॉक्टरांच्या खोलीत नेला, दार न वाजवता. फोन खिशात चालूच होता की बंद झाला, ते मी पाहिलंही नाही.

डॉक्टरांनी जुना स्कॅन आणि आत्ताचा स्कॅन शेजारी शेजारी ठेवले. खाली-वर सरकवले. थांबले. जुन्यातही तो ठिपका होता, त्याच जागी, तेवढाच. त्यांनी दोन्हीकडे पेनाचं टोक धरून मला दाखवला आणि म्हणाले, “जुना आहे. देऊ या.” नर्सला हाक मारली, माझी सही घेतली आणि आईला आत नेलं.

त्या दिवशी पुढे काहीच करण्यासारखं नव्हतं, आणि करण्यासारखं काही नसलं की मी चिडते. मी काकांवर चिडले. सांगलीला गेल्यावर त्यांना काय काय ऐकवायचं त्याची मी खुर्चीत बसून उजळणी करत होते. संध्याकाळपासून त्यांचे फोन येत होते. मी एकही उचलला नाही. एकदा संदेश आला, आई कशा आहेत. त्यालाही उत्तर दिलं नाही. रिवाजाचा पुळका आलेल्या माणसाला एक रात्र तळमळू दे, असं मला वाटलं, आणि वाटलं ते अगदी मनापासून.

उजवा पाय रात्रीच हलायला लागला. बोटंही थोडी वळायला लागली. बोलणं मात्र येईना. डॉक्टर येऊन विचारायचे, आजी, नाव काय तुमचं? आई तोंड उघडायची आणि नुसता हुंकार यायचा. मग ती चिडून मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले की हात-पाय परतले म्हणजे वाचाही परतेलच असं सांगता येत नाही, उद्या बघू. मी मान हलवली. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि परत आले. तिच्या शेजारी रात्रभर एवढी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी डॉक्टर फेरीला आले. रात्रीसारखंच वाकून त्यांनी नाव विचारलं. आईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ दोन-तीनदा जुळले, सुटले. मग एकेक शब्द ओढून काढावा तसा आला, जडावलेला, पण आला.

“काल... कुनावर... वरडत हुतीस गं?”

डॉक्टर वाकलेलेच राहिले.

“काका... म्हनत हुतीस,” ती म्हणाली, “आन... तसं वरडत हुतीस?”

म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. स्ट्रेचरवर पडून, तोंडातून अक्षर निघत नसताना, मरणाच्या दारात, माझी एक एक शिवी तिने ऐकली होती आणि रात्रभर हे वाक्य जुळवत बसली होती. डॉक्टर हसायला लागले. नर्सही हसली. मला हसताही येईना आणि रडताही येईना. मी सांगायला लागले की अगं, त्यांनी काय केलं होतं माहीत आहे का तुला, त्यांच्यामुळे तुझं...

आईने उजवा हात उचलला. पूर्ण नाही, चादरीपासून वीतभर. मी गप्प बसावं म्हणून.

“फोन लाव,” ती म्हणाली.

मी लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला, म्हणजे फोन हातातच धरून बसले असणार. “बोला, ताई,” काका म्हणाले, आणि पुढे काही विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. मी बोलायला तोंड उघडलं, आणि माझ्याच्याने एक शब्द निघेना.